मृतसाठ्यातला मोठा मासा

श्रीरामपूरच्या माणसाची पाण्याशी ओळख कालव्यातून होते. आवर्तन सुटले, आवर्तन लांबले, आवर्तन बंद झाले, या तीन वाक्यांभोवती येथील ऊस, घास आणि गप्पा फिरत असतात. आवर्तन बंद झाले की कालव्याच्या तळाशी जागोजाग डबकी उरतात आणि आसपासची मुले जुने लुगडे किंवा मच्छरदाणीचा तुकडा घेऊन त्यांत उतरतात. हाती लागतात ती तळहाताएवढी पिल्ले. त्यांत चिलापी अधिक आणि एखाद-दुसरा कटला असतो. हाच कटला, त्याला पुरेसे पाणी आणि पुरेशी वर्षे मिळाली तर, त्याला पकडणाऱ्या मुलाच्या वजनाचा होऊ शकतो. तीस किलोंच्या पुढच्या कटल्यांची नोंद आहे. मग एवढा मासा राहतो कोठे, आणि तो गळाने पाहायचा झाला तर काय करावे लागते? श्रीरामपूरहून नेवाशाच्या वाटेने निघाले की तासा-दीड तासात या प्रश्नाच्या उत्तरापाशी पोहोचता येते. ते उत्तर म्हणजे नाथसागर.

कार्प हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. बाजारात आपण ज्यांना कटला, रोहू, मृगळ म्हणतो ते तिघेही याच कुळातले. मत्स्यव्यवसाय विभाग ज्याला सायप्रिनस म्हणतो तो, गवत्या आणि चंदेरा हेही त्यांचेच भाऊबंद. या कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात; दात असतात घशात. अन्न तोंडाने ओढून घ्यायचे, चाचपायचे, नको ते थुंकायचे आणि उरलेले घशात भरडायचे, अशी ही रीत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढची सारी गळविद्या समजते. तोंडाची ठेवणही सांगून जाते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी गाळून खातो. मृगळाचे तोंड खाली असते, तो तळ चाळतो. रोहू मधल्या थरात वावरतो. एकाच तळ्यात तिघे एकमेकांच्या ताटात फारसा हात न घालता राहतात, म्हणूनच शेततळ्यात ते एकत्र सोडले जातात.

आता पाण्याकडे वळू. आपल्या भागात मोठी धरणे तीन. भंडारदरा १९२६ साली पूर्ण झाले. त्याची भिंत ऐंशी मीटरहून उंच आहे आणि सह्याद्रीच्या उतारांमध्ये ते पाणी खोल, थंड आणि खडकाळ काठाचे आहे. डोळ्यांना ते सुखावते. माशाच्या पोटाला मात्र खडक फारसे काही देत नाही. राहुरीजवळचे मुळा धरण सव्वीस टीएमसीचे, त्याचा काठ मध्यम चढाचा. आणि तिसरे जायकवाडी. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरण पैठणला असले तरी त्याचा फुगवटा नेवासे आणि शेवगाव तालुक्यांत दूरवर येतो. प्रवरासंगमाला गोदावरी आणि प्रवरा जेथे भेटतात तेथे तो पुलावरूनच दिसतो. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पाण्याखालचे क्षेत्र सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर भरते. एवढ्या अवाढव्य पाण्याला ही खोली फार थोडी आहे. ऊन तळापर्यंतच्या बऱ्याच भागात पोहोचते, खाली काळी कसदार माती आहे, नद्यांनी आणलेला गाळ आहे. सूक्ष्म वनस्पती, त्यांवर जगणारे सूक्ष्म प्राणी, गाळातल्या अळ्या आणि गोगलगायी अशी ही पंगत अखंड चालू असते. हिवाळ्यात येथे येणारे पाहुणे पक्षीही याच पंगतीला बसतात. १९८६ पासून हे पाणी पक्षी अभयारण्य आहे.

पण भरपूर अन्न असले म्हणजे मासा मोठा होतोच असे नाही. त्याला वर्षे लागतात, आणि आपल्या दुष्काळी प्रदेशात वर्षे मिळणे हीच अवघड गोष्ट आहे. मार्च संपता संपता गावतळी आटतात, बंधारे कोरडे पडतात, शेततळ्यातला मासा वर्षाच्या आत बाजारात जातो. नाथसागराचे वेगळेपण येथे आहे, आणि ते वर्तमानपत्रातल्या एका शब्दामागे दडलेले आहे. ‘जायकवाडी शून्य टक्क्यांवर’ असा मथळा आपण वाचतो तेव्हा धरण रिकामे झाले असे वाटते. प्रत्यक्षात शून्य झालेला असतो तो जिवंत साठा, म्हणजे कालव्याच्या दारांतून सोडता येईल असे पाणी. त्याखाली ७३८ दशलक्ष घनमीटर, सुमारे सव्वीस टीएमसी, पाणी उरलेले असते. मुळा धरण काठोकाठ भरल्यावर जेवढे होते जवळजवळ तेवढे हे पाणी. त्याला अभियंते मृतसाठा म्हणतात. मोठा मासा जगतो तो या मृतसाठ्यावर. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत जिवंत साठा संपला, पिण्यासाठी मृतसाठ्यातून पाणी उचलावे लागले, तरी गोदावरीच्या जुन्या पात्रात पाणी होते आणि त्या पात्रात मासा होता.

वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचे हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा आणि भांडणाचा विषय. राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात पासष्ट टक्क्यांची रेषा ठरली, त्यावर न्यायालयांत वाद झाले, आणि श्रीरामपूरच्या चौकात त्या रेषेविषयी काय बोलले जाते ते येथे सांगण्याची गरज नाही. या वादात उसाची बाजू मांडली जाते, फळबागांची मांडली जाते, तहानलेल्या शहरांची आणि कारखान्यांची मांडली जाते. माशाची बाजू कोणत्याच कागदावर नसते. ती खरे तर त्या पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसांची बाजू असते. तिच्याकडे पुढे वळू.

आधी हे मासे येथे आले कसे ते पाहावे लागेल. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळ गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मैदानातले. ते पावसाळ्यात वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात अंडी पोटात तयार होतात, पण घातली जात नाहीत. त्यामुळे पूर्वी नदीतून पिल्ले गोळा करण्याखेरीज उपाय नव्हता. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी मेंदूलगतच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज धरणांमध्ये मत्स्यजिरे आणि बोटुकली सोडता येते ती या शोधामुळे. सायप्रिनसाची गोष्ट निराळी. तो परदेशी आहे. १९३९ साली निलगिरीत आणि १९५७ साली बँकॉकहून असा दोनदा आला. तो साचलेल्या पाण्यातल्या वनस्पतींवर निमूटपणे अंडी घालतो. इंग्लंड-फ्रान्समधले हौशी लोक ज्या कार्पसाठी आठवडाभर तंबू ठोकून बसतात तो हाच. आपल्या बाजारात त्याला कटल्याएवढा मान नाही.

आता त्या आठवड्याविषयी. मोसम निवडायचा तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चचा आरंभ बरा. पाणी उबदार होऊ लागते, थंडीत मंदावलेला मासा खाऊ लागतो आणि ऊन अजून माणसाला झेपते. परवानगीचा प्रश्न सर्वांत आधी. अभयारण्य वन खात्याच्या ताब्यात आणि मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अखत्यारीत, तेव्हा दोन्हीकडे विचारणा केल्याखेरीज काठी बांधूच नये. दुसरी परवानगी कागदावरची नसते. पाणी ओसरते तशी काठची गाळाची जमीन उघडी पडते आणि तीवर गहू, हरभरा पेरला जातो. ही गाळपेर कुणाच्या तरी वर्षाच्या धान्याची असते. तीतून वाट काढण्यापूर्वी त्या घरी जाऊन रामराम करावा; बहुधा वाटेबरोबर चहाही मिळतो.

पहिल्या दिवशी गळ पिशवीतून बाहेर काढू नये. सोळा किंवा अठरा चौरस किलोमीटरच्या एका कोपऱ्यातही मासा सर्वत्र नसतो, म्हणून तो दिवस पाहण्याचा. पहाटे पाणी स्थिर असते तेव्हा कटला वर येऊन पाठ दाखवतो. तळातून बुडबुड्यांची रेघ सरकताना दिसली तर खाली सायप्रिनस किंवा मृगळ गाळ उकरीत आहे असे समजावे. वारा कोठून कोठे वाहतो तेही पाहायचे, कारण वारा वरच्या थरातले सूक्ष्म जीव ज्या काठाकडे लोटतो त्या काठाकडे कटला जातो. आपल्याला मात्र वाऱ्याकडे पाठ करून बसणे सुखाचे वाटते, आणि बहुतेक नवशिक्यांचा आठवडा त्यातच जातो. त्यानंतर दोऱ्याला शिसे बांधून खोली मोजायची. नाथसागराच्या तळाशी जुनी शेते आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत, बुडालेल्या गावांचे चौथरे आहेत, आणि या सर्वांमधून गोदावरीचे जुने पात्र जाते. शिसे अचानक चार मीटर अधिक खाली गेले की ती जागा मनाशी पक्की करावी. गावातले वृद्ध ‘तिथं आमची चिंच होती’ असे बोट करून सांगतात, ते कोणत्याही यंत्राच्या नकाशाहून उपयोगी पडते.

दुसरा आणि तिसरा दिवस चारा घालण्याचा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, थोडा थोडा. मका चोवीस तास भिजवून मऊ होईपर्यंत शिजवलेला असावा. कच्चे कोरडे दाणे माशाच्या पोटात फुगतात. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळच्या एका तळ्यात ‘बेन्सन’ नावाची प्रसिद्ध कार्प मादी २००९ साली मेली तेव्हा कुणीतरी टाकलेल्या कच्च्या दाण्यांवर संशय घेतला गेला होता. कटल्यासाठी शेंगदाण्याची पेंड, भाजलेले पीठ आणि थोडा गूळ यांचा गोळा चालतो. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि त्याचे ढग कटला गाळून खातो.

हा सारा उद्योग पाश्चात्त्यांकडून आला अशी समजूत असेल तर ती सोडावी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मत्स्यविनोद नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, कोणाला काय खाऊ घालायचे, दोरा कसा असावा, आमिष कोणते, असे सारे राजाच्या करमणुकीसाठी त्यात नोंदलेले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लिहून ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. माशाला आधी जेवू घालून मग गळ टाकावा हे तत्त्व कल्याणीच्या दरबारात आठशे नव्वद वर्षांपूर्वी ठाऊक होते. आणि कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्यापासून काही परदेशात नाही.

चौथ्या दिवशी काठी मांडायची. काठी, रीळ आणि तंगूस ही सामग्री आता शहरांत सहज मिळते. खरी मेख गळाच्या टोकाशी आहे. कार्प अन्न ओढून चाचपतो आणि शंका आली की थुंकतो, हे वर सांगितले. मोठा मासा मोठा झालेला असतो तो नेमका या शंकेखोरपणामुळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोन इंग्रजांनी त्यावर तोड काढली. आमिष गळात न टोचता गळाच्या मागे एका केसाने लोंबकळत ठेवायचे; पहिल्या प्रयोगांत तो खरोखर माणसाचा केस होता. मासा आमिष ओढतो, त्याला ते मोकळे वाटते, मागोमाग नागडा गळ तोंडात जातो आणि थुंकताना खालच्या ओठात अडकतो. मक्याचे दोन दाणे अशा रीतीने लावले की सायप्रिनसाचा सावधपणा हरतो. कटल्याला हे लागू पडत नाही. तो तळावरचे दाणे उचलत नाही, त्याच्यासाठी पेंडीच्या गोळ्याभोवती लहान गळ ठेवून तो मधल्या पाण्यात तरंगता ठेवावा लागतो. मुंबईच्या पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या जुन्या मंडळींकडे पाहिले तर या एका गोळ्याच्या कृतीवर किती मतभेद होऊ शकतात ते कळते.

पाचवा दिवस बहुतेक वेळा रिकामा जातो. त्याचे वर्णन करण्यासारखे काही नसते.

आणि मग केव्हातरी, सहाव्या दिवशी म्हणू, रीळ ओरडते. दहा-बारा किलोचा मासा पहिल्या धडकेत शंभर मीटर दोरा घेऊन जुन्या पात्राकडे निघतो. येथे जोर लावणारा हरतो. रिळाचा ब्रेक सैल ठेवून त्याला पळू द्यायचे, तो थांबला की काठी उचलायची, खाली करताना दोरा गुंडाळायचा. पंधरा-वीस मिनिटांनी तो कुशीवर वळतो. आता घाई केली तर सारे व्यर्थ. रुंद तोंडाचे, मऊ जाळीचे हातजाळे पाण्यात बुडवून मासा त्यावर आणायचा. हात भिजवून मगच स्पर्श करायचा, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगांपासूनचे कवच आहे. ओल्या गोणपाटावर त्याला आडवे ठेवावे. शेपटीला किंवा कल्ल्यात बोटे घालून उभे टांगलेल्या माशाची आतडी स्वतःच्या वजनाने दुखावतात. नाथसागरावर मार्चच्या दुपारी हवा तापलेली असते, म्हणून एक मिनिटात छायाचित्र, आणि पुन्हा पाण्यात. डोके वाऱ्याकडे करून, पोटाखाली हात देऊन, तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत धरून ठेवायचे.

पाण्यात? काठावर जमलेल्यांच्या चेहऱ्यावर हाच प्रश्न असतो. इंग्लंडमध्येही तो एकेकाळी होता. १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर याने हेरफर्डशायरमधल्या रेडमायर नावाच्या लहानशा तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे वीस किलोंचा, कार्प पकडला. त्याने तो ना मारला ना खाल्ला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला. ‘क्लॅरिसा’ या नावाने ती मादी तेथील मत्स्यालयात १९७१ पर्यंत जगली आणि हजारो लोकांनी तिला पाहिले. त्यानंतरच्या पिढीने मोठा मासा सोडून देण्याचा शिष्टाचारच केला. वर उल्लेखिलेल्या बेन्सनला तर साठाहून अधिक वेळा पकडून सोडले गेले होते. एकच मासा तळ्याच्या मालकाला वर्षानुवर्षे तिकिटाचे पैसे मिळवून देतो, असा तो हिशेब.

नाथसागरावर हा हिशेब तसाच्या तसा मांडता येत नाही, आणि तो मांडू पाहणाऱ्या शहरी हौशी माणसाने थोडे थांबावे. थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे तंगूसाची जाळी ओढणारा मासेमार पाच जणांचे घर चालवतो. बारा किलोचा कटला त्याच्यासाठी त्या आठवड्याचा किराणा आहे. ‘मी सोडला तर उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल,’ हे त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही, कारण ते खरे असते. मोठी मादी सोडली म्हणजे पिल्लांचा सुकाळ होईल, हे पाठ्यपुस्तकी उत्तरही कटल्याला पूर्णपणे लागू नाही. किलोमागे लाखाच्या घरात अंडी तिच्या पोटात असतात, परंतु ती घालायला पुराचे वाहते पाणी हवे. वरच्या धरणांनी पूर अडवला की तो मार्गही अनिश्चित होतो. म्हणून सोडलेली बोटुकली किती आणि तीतली किती वाढू दिली, यावरच बरेचसे अवलंबून राहते.

खरी हानी होते ती मोठा मासा पकडल्याने नव्हे, तर लहान पकडल्याने. बारीक आसाच्या जाळ्यात पाव किलोचा कटला येतो आणि चिलापीच्या ढिगात चिलापीच्या भावाने जातो. तोच मासा चांगल्या पाण्यात आणखी वर्षभर राहिला तर किलो-दीड किलोचा होतो, आणि दोन वर्षांनी त्याच्याहून बराच मोठा. मोठ्या कटल्याला किलोमागे भावही अधिक मिळतो. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. ती पिल्ले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वितेआणि लहानपणीच प्रजननाला सिद्ध होते, त्यामुळे बारीक जाळ्याने तिचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते उशिरा वयात येणाऱ्या कटल्याचे. म्हणजे बारीक जाळे वापरणारा प्रत्येक जण नकळत चिलापीची बाजू घेतो. उजनीच्या जलाशयात चिलापीने काय साधले ते पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कोणत्याही ढाब्याच्या फलकावर वाचता येते.

एकट्या मासेमाराला हे परवडत नाही. सगळ्यांनी एकदम आस मोठा केला तरच परवडते, आणि तेही मधले एक वर्ष कुणीतरी निभावून नेले तर. ते वर्ष सरकारी अनुदानाने निभावते, सहकारी संस्थेच्या उचलीने की हौशी गळवाल्यांकडून घेतलेल्या परवाना शुल्काने, याची चर्चा व्हायला हवी. माझ्या मते शेवटच्या मार्गाचा विचार निदान एका कोपऱ्यात करून पाहण्यासारखा आहे. आठवडाभर काठावर राहणारा माणूस जेवण घेतो, तराफा भाड्याने घेतो, वाटाड्या घेतो. त्याने सोडलेल्या माशाचे मोल गावात उरले, तर मासा सोडण्याला काही अर्थ येतो. ते शहरात परत गेले, तर गाववाल्यांनी ते कौतुकाने का पाहावे?

सातव्या दिवशी सामान आवरताना पाण्याची रेघ काठीच्या पहिल्या खुणेपासून हातभर मागे गेलेली दिसते. खाली आवर्तन चालू असते. उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यावर चार दिवसांपूर्वी टाकलेले मक्याचे काही दाणे असतात आणि त्यांवर चिखल्या पक्षी उतरलेले असतात. मासा ती जागा सोडून जुन्या पात्राकडे गेलेला असतो.